निळी रांगोळी आणि निंबाचे वावर

मी, वैजयंती निरंजन महाजन, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार धामणपाडा, तहसील खकनार, जिल्हा बुऱ्हाणपूर, हे माझ्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे बुऱ्हाणपुरातल्या राजपुऱ्याचे वकीलसाहेब म्हणाले. कोणी धाक घातला किंवा गोड बोलून वळवले म्हणून मी लिहीत नाही. मला गोड बोलून वळवणारा एकच माणूस होता, माझे यजमान, आणि त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. याआधी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर मुलगा विपुल आणि सून हिमानी यांना मिळावे. दोघे इंदूरला असतात, तरी दिवाळीला येतात आणि हिमानी आल्या आल्या पदर खोचते, हे मी पाहिले आहे. अट एकच, ओटा तोडायचा नाही. मी सरपंच असताना गावाचे निम्मे काम त्या ओट्यावर झाले. मोटारीला जागा पुरत नसेल तर विपुलने मोटार लहान घ्यावी.

२. सोन्याच्या पाटल्या आणि बँकेत जे असेल ते मुलगी अर्चनाला. ती बुऱ्हाणपुरातल्या बुधवारा पेठेतून दर आठवड्याला माझी औषधे घेऊन येते आणि मी ती घेतली नाहीत म्हणून भांडते. या भांडणांची मला सवय लागली आहे.

३. पंचायतीच्या शिक्क्यासाठी मी स्वतः आणलेली शाईची डबी उखर्डू पाटील यांना. मी निवडून आले तेव्हा ते पारावर बसून म्हणाले होते, "बाई निस्ता शिक्का मारीन, कारभार दुसरेच पाहतीन." शिक्का मी मारला, पण कागद वाचून. पुढे शाळेसाठी विटा त्यांनीच दिल्या, म्हणून डबी स्वच्छ घासून, बडीशेप भरून द्यावी.

४. निंबाचे वावर, म्हणजे मोठ्या कडुनिंबाचे नाल्याकाठचे शेत, साडेतीन एकर, मी ग्रामपंचायतीला तलावासाठी देते. हे माझे केळीचे सगळ्यात चांगले वावर आहे, म्हणून कारण सांगणे भाग आहे.

सरपंच झाल्यावर पहिले वर्षभर मी ग्रामसभेत भाषणे केली. गाव असे करू, तसे करू. लोक माना डोलवत आणि घरी जात. बाया मागे बसून भाजी निवडत. शेवटी शेजारची धुरपदाबाई मला म्हणाली, "तुमी सांगता ते तुमचं गाव हाये, बाई. आमचं कसं पायजे ते आमाले इचारा तरी." मला राग आला, आणि त्या रागातच मी शाळेचे मैदान सारवून घेतले. प्रत्येक घराने मूठभर रांगोळी आणायची आणि वीस वर्षांनी गाव कसे हवे ते जमिनीवर काढायचे, असे सांगितले. तीन दिवस अख्खे गाव वाकून रांगोळी काढत होते. उखर्डूंनी शाळेवर मजला चढवला. धुरपदाबाईने नळ काढला आणि नळाशेजारी स्वतःला काढले, निवांत बसलेली. सरपंचकीत मला इतका आनंद पुन्हा कधी झाला नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र मी माती खाल्ली. तलाव सगळ्यांनाच हवा होता, पण कुठे ते कोणी काढेना. इंजिनिअरांनी मला नाल्याच्या दोन्ही काठच्या जागा चालतील म्हणून सांगितले होते. एका काठाला माझे निंबाचे वावर, दुसऱ्या काठाला माझे धाकटे दीर सखारामभाऊजी यांचे. दोन्ही जागा चालतात हे गावाला माहीत नव्हते, मला होते. मी निळ्या रांगोळीचा डबा उचलला आणि तलाव भाऊजींच्या वावरात काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजी उठले आणि म्हणाले, "वहिनी, सपना सगळ्या गावाचा, आन वावर माझ्या एकट्याचं?" तेव्हापासून ते माझ्या ओट्यावर चढले नाहीत. चौदा वर्षे झाली.

भाऊजींनी वावर दिले नाही, मी माझे पुढे केले नाही, आणि तलाव राहिला. रांगोळीतले बाकी सारे झाले. शाळेचा मजला झाला, रस्ता झाला, नळही आले. पण फेब्रुवारी सरला की नळ कोरडे पडतात, आणि धुरपदाबाई नळाशेजारी बसते ती रिकामा हंडा घेऊन. हा दोष माझा आहे. भाऊजींचा नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी नऊ वर्षांचे होते. त्यांना सही करायला मी शिकवले. मला त्यांची फार आठवण येते. चार घरे सोडून राहणाऱ्या माणसाची आठवण येणे हे मोठे विचित्र दुखणे आहे.

विपुलला फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, "आई, सबसे अच्छा खेत तर तेच आहे. दुसरं दे ना." मी म्हटले, म्हणूनच ते देते. मग म्हणाला, "ठीक है. पण निंब तोडू देऊ नको." तेव्हा निंब काठावर राहील, तो तोडायचा नाही, हेही या कलमात धरावे.

५. माझ्या तेराव्याला जेवणावळ घालू नये. शाळेच्या मैदानावर पुन्हा रांगोळी काढावी, पुढच्या वीस वर्षांची. निळा डबा माझ्या ट्रंकेत आहे. या वेळी पोरीबाळींना आधी काढू द्यावे आणि मोठ्यांनी मध्ये बोलू नये, विशेषतः उखर्डूंनी.

६. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये, असे वकीलसाहेब म्हणतात. म्हणून सखारामभाऊजींना मी काही देत नाही. दुसरे साक्षीदार म्हणून त्यांनी सही करावी एवढीच इच्छा आहे. पहिले साक्षीदार, आमच्या शाळेचे अरविंद गुरुजी, हा कागद त्यांना वाचायला नेऊन देतील. मी रविवारपर्यंत वाट पाहीन. ते आले नाहीत तर दुसरा साक्षीदार बघावा. वावराचे कलम काही झाले तरी बदलणार नाही.

लिहून पूर्ण केले बुधवारी. सही आज, दोन्ही साक्षीदारांच्या देखत केली.

वैजयंती निरंजन महाजन

स्थळ: माझ्या घराचा ओटा, धामणपाडा
दिनांक: १२ जानेवारी २०२५, रविवार

साक्षीदार पहिले: अरविंद सोनवणे, शिक्षक

साक्षीदार दुसरे: सखाराम महाजन. वहिनीनं माझ्यासमोर सही केली. कागद दोनदा वाचला. तलाव निंबाच्या वावरात केला तरी वरच्या रानाचं पाणी माझ्या वावराच्या बांधाला अडन, तलावात येनार नाही. बांध फोडून घ्या.