थर्मोस्टॅट घरीच होतो

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून शिस्त. सासऱ्यांची व्हिंटेज मोटार दुरुस्तीला माझ्या गॅरेजात आली. वयाने माझ्यापेक्षा मोठी, पण तब्येत ठणठणीत. फक्त इंजिनाचा थर्मोस्टॅट गेलाय. काम ते केवढं! पाणी गार असेपर्यंत बंद राहायचं, तापलं की उघडून ते गार व्हायला रेडिएटरकडे सोडायचं. एवढ्यासाठी दुकानदाराचं घर भरायचं? घरीच करू, स्वस्तात.
सोळा तारखेला सासरे मोटारीतून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाणार आणि मग ठरवणार, मोटार जावयाला द्यायची की मुलाला. मेहुण्याला स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो तेही ठाऊक नाही. मोटार माझीच झाल्यात जमा.

४ मार्च
डिझाइन एक. पितळी नळी, आत मेणबत्तीचं मेण, वर बॉलपेनची स्प्रिंग. मेण तापून फुगलं की झडप उघडणार. दुधाच्या पातेल्यात चाचणी. झडप जागची हलली नाही, मेण मात्र सगळं बाहेर. ही म्हणाली, आता दूध कशात तापवू? संशोधनाला पहिला विरोध घरातूनच होतो.

७ मार्च
डिझाइन दोन. पत्र्याला भोक. हलणारा भागच नाही, मग बिघडणार काय? फक्त ते बंद होत नाही. बाद.
मेहुण्याचा फोन. म्हणे, भावोजी, बाजारातून तयार आणू का? त्याला सांगितलं, आयत्या बिळावर नागोबा होऊ नकोस.

१२ मार्च, बुधवार
जमलं! डिझाइन तीन. मेण सीलबंद, वर जाड पितळी टोपण. पातेल्यात सोडलं. पाणी उकळलं. हिने शेजारच्या शेगडीवर चहा केला, आम्ही प्यायलो, कप धुतले, आणि झडप उघडली. पूर्ण उघडली! जरा वेळ लागतो, पण उतावळेपणा मलाही आवडत नाही.
उद्यापासून सकाळी फिरायला जायचं.

१५ मार्च
थर्मोस्टॅट बसवला. ही म्हणाली, एकदा चढावर चालवून बघा. पातेल्यात पास झालेल्याची परत परीक्षा कशाला? त्यापेक्षा मोटार पुसली. फिरायला सोमवारपासून.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळी
सासरे माझ्या शेजारी, नवा शर्ट घालून. मेहुणा मागून स्कूटरवर. पहिल्याच वळणाला तापमानाचा काटा लाल रेघेपाशी. सासरे म्हणाले, जावईबापू, काहीतरी जळतंय. त्यांना म्हटलं, धीर धरा, आता उघडेल. दुसऱ्या वळणाला बॉनेटमधून वाफ. मोटार बंद. तिथून टाकी दिसत होती. सासरे बराच वेळ तिकडे बघत उभे राहिले, मग मेहुण्याच्या स्कूटरवर बसून घरी गेले.
घरी आल्यावर थर्मोस्टॅट काढून पातेल्यात टाकला. तेवढ्याच वेळाने व्यवस्थित उघडला. म्हणजे डिझाइनमध्ये दोष नाही. इंजिनाने घाई केली.

२३ मार्च, रविवार
मेहुण्याने बाजारातला थर्मोस्टॅट आणून बसवला. जिद्द म्हणून नाही माणसात. सासऱ्यांनी मोटार त्यालाच दिली.
आज सगळे टाकीपर्यंत गेलो. मला मागची सीट. अख्खा चढ मान लांब करून काट्याकडे बघत होतो. मनात म्हणत होतो, ताप, एकदा तरी ताप. नाही तापली. वर पोचल्यावर सासऱ्यांनी बसल्या जागेवरूनच मेहुण्याची पाठ थोपटली. मला रडू आलं. हिला सांगितलं, खिडकीतून धूळ आली.
ही म्हणाली, अहो, खिडकी बंद आहे.