नाव घेतलं की चावी नाही

॥ श्री ॥
भवानी पेठ, सोलापूर
ता. २० एप्रिल १९७५

चि. गंगाधर यास अक्काचे अ. उ. आशीर्वाद.

दुर्गाचं लग्न सोळा मेला ठरलं. पत्रिका निराळी पाठवते. हे पत्र आपल्या महिपतीपायी आहे. शिमग्याला पिऊन त्यानं टेम्पो चन्नप्पाच्या दुकानात घातला आणि बसल्या जागेवरून पावशेर चहा मागितला, हे तू मजेनं लिहिलंस. मीही हसले. मग पुढं वाचलं, की दुकानाच्या पायरीवर बसणाऱ्या बजाबाई नुकत्याच तपकिरीची डबी आणायला घरी गेल्या होत्या. त्यांना तल्लफ आली नसती तर? मला जेवण गेलं नाही.

लग्नाला तुम्ही चौदा जण त्याच टेम्पोतून येणार म्हणे. मामाशिवाय मुलगी बोहल्यावर कशी न्यायची, हे खरं. पण पिऊन चालवणार असेल तर मामा चालत आला तरी चालेल. तू शाळामास्तर, चन्नप्पा पंच. सगळं गाव त्याला हसतं, अडवत कोणीच नाही. त्याच्या बायकोचा, सारजाचा जीव कसा थाऱ्यावर राहतो कोण जाणे.

माया आहेच, पण उत्तर लवकर दिलंस तर टिकेल.
तुझी अनसूयाअक्का


॥ श्री ॥
मंद्रूप
ता. २८ एप्रिल १९७५

ती. सौ. अक्कास गंगाधरचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मारुतीच्या पारावर सगळ्यांना वाचून दाखवलं. बजाबाईंचं आलं तेव्हा कोणी हसलं नाही. तिथंच ठरलं, की टेम्पोची चावी सारजावहिनींकडे राहील आणि दादा शुद्धीत असेल तरच मिळेल. पण ओळखायचं कसं? वास घ्यावा तर दादा कांदा खाऊन येतो. मग मी मास्तरकीची अक्कल चालवली. चार माणसांत बायकोचं नाव घेऊन न अडखळता उखाणा म्हणेल, तेव्हाच चावी.

पहिल्या दिवशी दादा सकाळी चहासुद्धा न घेता उभा राहिला. मंद्रूपच्या बाजारात मेथीच्या जुड्या, इथवर आला आणि कान लाल करून खाली बसला. तेवीस वर्षांत त्यानं वहिनींना अगं ए याखेरीज हाक मारलेली नाही. नापास. चन्नप्पाचा माल पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आला तो एका दमात सात उखाणे म्हणत. एकात तर वहिनी आणि म्हैस एकाच ओळीत. पंचांनी टाळ्या वाजवल्या आणि वहिनींकडून मागवलेली चावी मी त्याच्या हातावर ठेवली. तेवढ्यात वहिनींनी धावत येऊन ती हिसकावली आणि म्हणाल्या की भावजी, तुमी कसलं मास्तर, शुद्धीवर असल्यावर ह्ये माझं नाव घेतील व्हय?

तेव्हा आता नियम उलटा. नाव घेतलं की चावी नाही. चार दिवस बिनचूक चाललाय.

आमच्या अकलेसकट लोभ असावा.
गंगाधर


॥ श्री ॥
भवानी पेठ, सोलापूर
ता. ४ मे १९७५

चि. गंगाधर यास अ. उ. आशीर्वाद.

हसून पोट दुखलं. पण शहाण्या, पंगतीत आमचे व्याही कल्लप्पा मामाला नाव घ्यायला लावल्याशिवाय पानावरून उठायचे नाहीत. घेतलं तर तुमच्या नियमानं परतीची चावी बंद, न घेतलं तर व्याह्यांचा रुसवा. विचार कर. आणि हसण्यावारी नेऊ नकोस, बजाबाईही येणार आहेत. माणसं जशी आली तशी घरी पोचली पाहिजेत.

पत्र नाही आलं तरी चालेल, तुम्ही या.
अक्का


॥ श्री ॥
मंद्रूप
ता. १९ मे १९७५

ती. सौ. अक्कास महिपतीचा सा. न. वि. वि.

हे गंगाधरकडून लिहवून घेतलेलं नाही, तेव्हा शुद्धलेखनाला हसू नये. तू पाठवणीत रडत होतीस, म्हणून बाहेरचं तुला कळलं नाही.

कल्लप्पांनी मला नाव घ्यायला लावलं ते तू ऐकलंस. अक्का, त्या दिवशी मी थेंबही घेतला नव्हता. कान लाल झाले होते ते लाजेनं. पण टेम्पोपाशी आलो तर सगळे अडून उभे. चन्नप्पा म्हणाला की नाव घेतलंस की, नियम म्हंजी नियम. बजाबाईंनी एक पाय आत टाकला होता. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि पाय काढून घेतला. मला राग आला नाही, वाईट वाटलं. बाराच्या बारा जण एस्टी स्टँडकडं चालू लागले.

ही एकटी राहिली. पुढं चढून बसली आणि चावी माझ्या हातात दिली. भ्या वाटत न्हाय का, असं मी विचारलं. तर म्हणाली, पिल्यावर तुमी लोकांकडं बघून नाव घेता, आज माझ्याकडं बघून घेतलं.

मी इतका हळू चालवला की सायकलवाले पुढं गेले. एस्टी कधीच पोचली होती. तरी मंद्रूपच्या स्टँडवर बाराही जण उन्हात उभे, एकही घरी गेला नव्हता. गंगाधर रस्त्याच्या मधोमध डोळ्यांवर हात धरून उभा. आम्ही उतरलो तसं बजाबाईंनी आम्हा दोघांचे हात, खांदे चाचपून पाहिले.

दारू सुटली असं खोटं लिहीत नाही. पण ज्या दिवशी घेईन त्या दिवशी चावी मागणार नाही, हे मी तिथंच सगळ्यांना सांगितलं. अक्का, मी घरी पोचलो की नाही हे बघायला गाव थांबतं, हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

आजवर केलास तसाच लोभ कर, आता तो वाया जाणार नाही.
तुझा महिपती