कॉन्टेसा ब्रेक सोडत नाही

२ जून
मिरजगावला जाऊन आले. जाताना कॉन्टेसा ठीक. येताना रांगायला लागली — मागे कुणी दोरी धरून बसल्यासारखी. घरी येऊन पुढच्या चाकाला हात लावला तर चटका बसला. दोन्ही चाकं! भाकरी टाकली असती तर टम्म फुगली असती.

ओसरीवर सासरे — शांतवनमामा — हजरच. "म्या म्हनलं हुतं. लई जुनी गाडी हाय, बाईमानसाला झेपायची न्हाई." माझा नवरा स्टीफन मोटरसायकलच्या अपघातात गेला, त्याला दीड वर्ष झालं. तो होता तेव्हा हीच गाडी मामांना फॉरेनची वाटायची.

ठरलं असं — सोळा तारखेला शाळा उघडायच्या आत गाडी नीट झाली, तर मी तिच्यातून शाळेत शिकवायला जाणार. नाही झाली, तर मामा विकणार. मग मी आहेच काळ्या-पिवळ्या जीपमध्ये, कुणाच्या तरी मांडीवर.

४ जून
गिऱ्हाईक येऊन गेलं. राधाकृष्ण नावाचे गृहस्थ, घोडेगावच्या बाजारात म्हशींचे सौदे करतात. बॉनेट उघडून असे बघत होते, जणू दात मोजतायत. मग टायरवर थाप. दूध किती देते, एवढंच विचारायचं राहिलं.

५ जून
काल रात्री चक्कर मारून आल्यावर गाडी जॅकवर उचलली, तर चाक हाताने फिरत नव्हतं. आज सकाळी, थंड झाल्यावर, मोकळं! म्हणजे गरम झालं की धरतं. शेजारच्या गोरक्षने न विचारता निदान केलं — "बाई, उन्हानं धरलं आसंल." दारात ट्रॅक्टर आहे, त्यामुळे सगळ्या यंत्रांचा डॉक्टर तोच.

७ जून
चाकाला ब्रेक दाबून धरणारे कॅलिपर खोलले. पिस्टन गंजून अडकला असणार, अशी माझी ठाम खात्री. पिस्टन चकाचक. खात्री गेली खड्ड्यात. रबरी नळ्याही दाबून-वाकवून पाहिल्या, धड होत्या. चक्कर मारली. पुन्हा चटका.

रविवारी चर्चहून आलं की स्टीफन गाडीखाली आणि मी टॉर्च धरून — माझं सगळं शिक्षण एवढंच. आज टॉर्च तोंडात धरली. फार आठवण आली त्याची.

८ जून
नुसती चिडचिड. गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

९ जून
सापडलं!

चाक गरम असतानाच कॅलिपरचा, हवा काढायचा निप्पल सैल केला. चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. म्हणजे पाय काढला तरी दाब आतच अडकतोय. संशय पेडलचा दाब चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरवर. त्याची टाकी उघडली तर काठोकाठ भरलेली. मी वर्षभरात थेंबही टाकलेला नाही. झाकणातलं रबर फुगून बेढब झालेलं.

पेल्यात पाणी घेतलं, त्यात टाकीतलं थोडं ओतलं. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळायला हवं. हे मजेत वर तरंगत बसलं. नाव ब्रेक ऑइल असलं तरी ते ऑइल नसतं, हे मी सोडून गावात कुणाला पटणार? कुणीतरी खरंखुरं ऑइल ओतलंय. त्याने आतली रबरं फुगली आणि दाब परतायची वाट बुजली.

हे कुणाचं काम, ते ठरवायला ग्रामसभा नको. सरळ गोरक्षला गाठलं. तो म्हणाला, "म्या कशाला वततो, बाई? शांतवनआबाच नेत्यात माज्याकडनं ट्रॅक्टरचं ऑइल, थोडं थोडं. ब्रेकमदी टाकायचंय म्हनत्यात."

वा, मामा! गाडी बिघडवायची आणि वर ओसरीवर बसून 'म्हनलं हुतं' म्हणायचं. आणि मी बावळट तुमच्यासमोरच आठवडाभर चाकाखाली लोळतेय. उद्या बोलणार. एकदाचं सगळं बोलणार.

१० जून
भांडायलाच गेले. ऑइल तुम्ही टाकलंत का, विचारलं. मामांनी लगेच हो म्हटलं.

"स्टीफनच्या मोटरसायकलला त्या दिवशी ब्रेक लागला न्हाई," म्हणाले. "तुज्या ब्रेकला ऑइल कमी पडू नये म्हनून टाकीत हुतो."

दोघंही रडत बसलो.