देवाच्या कार्याची घोंगडी

माय,

तुज्या अन आबाच्या पायावर डोकं ठेवतो. सविता, मायला वाचून दाखवताना काई गाळू नको.

माजी तब्येत बरी हाय. उजव्या हाताची दोन बोटं प्रेस मशीनीत गेली, ती जखम आता भरली. थंडीत जरा ठणकतंय, बाकी काई न्हाई. राहिलेल्या बोटांनीच लिवायलो, म्हणून अक्षर वाकडं हाय.

भरपाईचा निकाल माज्या बाजूनं लागला, माय! मशीनीला दोन बटणं असतेत. दोनी हातानं दाबल्याबिगर ती चालत न्हाई. काम लवकर उरकावं म्हणून सुपरवायझरनं एक बटण चिंधीनं बांधून ठेवलं होतं. कोर्टात मात्र म्हणाला, पोरानं पेंगत हात घातला. ती चिंधी रोज सगळ्यांनी पाहिलेली, पण बोललं कुणीच न्हाई. शेजारच्या मशीनीवरचा महारुद्र तेवढा उभा राहिला अन खरं सांगून आला. त्याचे लय उपकार हायेत.

व्यालेली मेंढी उठून चरायली का? आबाचा गुडघा कसा हाय? यंदा लोकर कातरायला मी येतो. कातर डाव्या हातात धरून बघतो.

आता एक काम कर. देवाच्या कार्याला अंथरतो ती घोंगडी पेटीतून काढ, अन हे पत्र घेऊन आलेल्या पाव्हण्याला तिच्यावर बसव. तोच महारुद्र हाय. तो सांगायचा न्हाई, पण साक्ष दिली म्हणून त्याला कामावरून काढलंय. जेवल्याबिगर उठू देऊ नको.

तुजं लेकरू,
बजरंग