उद्धवसरांचं घर

कुरुळी,
८ जानेवारी २०२५

प्रिय विजू,

सप्रेम नमस्कार. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले. हिंजवडीत पोस्टमन तरी येतो ना गं?

इकडे सगळं छान. येत्या रविवारी आपल्या मैदानावर तुझ्या बाबांचा, आपल्या उद्धवसरांचा सत्कार आहे. सॉफ्टबॉल कशाशी खातात हेही इथं कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा सरांनी कंपनीत कायमची पहिली शिफ्ट मागून घेतली आणि संध्याकाळ आम्हा मुलींना दिली. भंगारातल्या रबरी पट्ट्याची त्यांनी कापलेली होम प्लेट अजून तिथंच आहे. फाटके ग्लोव्ह स्वतः शिवायचे. माझे वडील मला पाठवेनात, तर आमच्या दारात ठाण मांडून बसले. शेवटी वडीलच म्हणाले, "उद्धवराव, चहा घ्या आन् न्या पोरीला!" आज मी शाळेत खेळ शिकवते ती त्यांच्या जिवावर.

तिन्ही बेस पळून धाव पुरी करायला जिथं परत यायचं, त्या प्लेटला सगळं जग 'होम' म्हणतं, सर 'घर' म्हणायचे. तिसऱ्या बेसजवळ उभे राहून हात गोल गोल फिरवत ओरडायचे, "पळ पोरी, घरी ये!" आपण किती हसायचो!

आणि तो सामना, आपल्याच मुलींच्या दोन संघांतला. अंपायर आलाच नाही, म्हणून दोन्ही संघांनी सरांनाच उभं केलं. तू घसरत प्लेटवर आलीस आणि त्यांनी तुला आऊट दिलं. "बापच आऊट देतो, त्या घरी मी कशाला येऊ?" म्हणालीस, आणि नोकरी लागताच गेलीस ती गेलीसच. पण विजू, प्लेटमागे उभी असलेली समोरच्या संघाची कॅचर मी होते. तू प्लेटला शिवण्याआधीच चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये होता आणि ग्लोव्ह तुझ्या खांद्यावर. तू आऊटच होतीस गं. पोटच्या पोरीसाठीही जो माणूस खोटं बोलला नाही, त्याच्या हाताखाली मी शिकले, याचा मला फार अभिमान वाटतो. रागाव हवं तर.

सगळं छान म्हटलं, ते खरं नाही. दिवाळीनंतर सरांना पक्षाघात झाला. "तिच्या मनानं येऊ दे," म्हणून तुझ्या आईनं, काकूंनी तुला कळवू दिलं नाही. सरांची वाचा गेली आहे. एकच शब्द उरलाय, "घरी... घरी..." काकू रडवेल्या होऊन समजावतात, "अहो, घरीच आहात की!" सर मान हलवतात आणि दाराकडे बघत डावा हात गोल फिरवतात.

काकूंना ते कळत नाही. मला कळतं. तुलाही कळेल.

रविवारी हार कुणीही घालेल. तू फक्त ये.

या वेळी प्लेट न अडवणारी,
तुझी कॅचर
अंजली