चंदेरी बेलबॉटम

आई, गेल्या शनिवारी मी तुझी चंदेरी बेलबॉटम घातली, आणि वर तो मोठ्या कॉलरचा जांभळा सॅटिनचा शर्ट. पँट कमरेत जरा सैल झाली, म्हणून आतून दोन सेफ्टी पिना लावल्या. बाकी उंची, खांदे सगळं बरोबर बसलं. तू गेलीस तेव्हा बत्तीसची होतीस, मी आता पंचवीसची आहे. दहा वर्षं ते कपडे डोंबिवलीला मामाच्या घरी माळ्यावरच्या पेटीत पडून होते. दोन दिवस दोरीवर टाकले तरी डांबराच्या गोळ्यांचा वास काही गेला नाही.

झालं असं की, ठाण्याला मी ज्या ऑफिसात टायपिंग करते तिथे नवे साहेब आले आहेत. त्यांनी नोटीस लावली की या वर्षीच्या पार्टीला सगळ्यांनी जुन्या डिस्कोच्या कपड्यांत यायचं. पंधरा-सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट इतक्या लवकर जुनी होते, आणि हसण्यासारखीही होते, हे मला त्या नोटिशीवरून कळलं. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "कसले कपडे घालायचे ना गं लोक, चॉकलेटच्या कागदासारखे." मी पण हसले. मग ती म्हणाली, दादरला एक दुकान आहे, भाड्याने मिळतात. मी म्हटलं, मी बघते माझं.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र ठाकुर्लीची आपली खोली आली. दुपारची वेळ आहे. स्टोव्हवर कुकर आहे आणि तू परकर आणि जुन्या ब्लाउजवर ओट्यासमोरच्या एवढ्याशा जागेत उभी आहेस. पाच, सहा, सात, आठ, असं पुटपुटतेस आणि वळतेस, उजवा हात वर, डावा कमरेवर, मान झटकन मागे. कुकरची शिट्टी झाली की तशीच वळता वळता स्टोव्ह बारीक करतेस. मी दारात बसून पाढे लिहिते आहे आणि तुझी पावलं मोजते आहे. बाबा गेल्यावर तू ऑर्केस्ट्रात नाचायला लागलीस, मागच्या रांगेत, डावीकडून दुसरी. कोपरीत, कळव्यात, कल्याणला, जिथे मांडव पडेल तिथे. बाकीच्या मुलींना कपडे ऑर्केस्ट्राच्या मालकाकडून मिळायचे. तू मात्र हा एक जोड स्वतः शिवलास, आणि साध्या कॅनव्हासच्या बुटांना लोखंडी गेटला देतात तो चंदेरी रंग दिलास. बूट खिडकीत वाळत ठेवले होते. शेजारच्या काकूंनी विचारलं, "हे काय, मखराचं सामान का?" तू म्हणालीस, "नाही वहिनी, माझ्या पायांचं." आणि काकू गेल्यावर एकटीच हसत बसलीस. तुझं ते हसू मला तेव्हा आवडायचं. मी तिसरीत होते.

सहावीत आवडेनासं झालं. तो गॅदरिंगचा दिवस तुला आठवत असेल. मला हस्ताक्षराचं बक्षीस होतं. तू कोपरीचा दुपारचा कार्यक्रम उरकून धावतपळत आलीस. साडी नेसली होतीस, केस बांधले होतेस, ओठ रुमालाने पुसले होतेस, पण पापण्यांवरची चमकी तशीच राहिली होती. तू तिसऱ्या रांगेत बसलीस आणि माझं नाव पुकारल्यावर सगळ्यांपेक्षा जास्त वेळ टाळ्या वाजवल्यास. माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलींपैकी एक म्हणाली, "हिची आई स्टेजवर नाचते." बाई माझ्याजवळ आल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "पुढच्या वेळी मामांना बोलाव हं." त्यांनी ते इतक्या मायेने सांगितलं की मला तुझी लाज वाटणं बरोबरच आहे असं वाटलं.

घरी येईपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. तू मेथी निवडायला बसलीस तेव्हा म्हटलं, "तू परत माझ्या शाळेत येऊ नकोस. सगळ्यांच्या आया नोकरी करतात, नाहीतर घरी असतात. तू नाचणारी आहेस."

तुझा हात थांबला. मला वाटलं आता मारशील. तू मारलं नाहीस. म्हणालीस, "तुझ्यासाठी नाचते असं सांगितलं तर तुला बरं वाटेल. पण खोटं कशाला बोलू? पोटासाठी दुसरं काही काम मिळालं असतं. मला नाचायला आवडतं." मग म्हणालीस, "जा, हातपाय धू."

दोन महिन्यांनी तू ऑर्केस्ट्रा सोडलास. का ते सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. डोंबिवलीत औषधाच्या एका कंपनीत पॅकिंगला लागलीस. दिवसभर स्टुलावर बसून खोक्यांत बाटल्या भरायच्या. मला फार आनंद झाला. शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय या रकान्यात मी माझ्या त्या बक्षीस मिळालेल्या अक्षरात 'नोकरी' असं लिहिलं. ओट्यासमोरची जागा रिकामी राहायला लागली, तिथे आपण धान्याचा डबा ठेवला. तुझं चालणंसुद्धा बदललं, पाय घासत चालायला लागलीस. शिट्टी झाली की उठून स्टोव्ह बारीक करायचीस आणि परत बसायचीस. तीन वर्षांनी कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत सगळं संपलं.

शनिवारच्या पार्टीबद्दल सांगते. संध्याकाळी हॉलच्या बाथरूममध्ये मी कपडे बदलले. बाहेर सगळे खोटे केस आणि गॉगल लावून फिरत होते. बोट वर करून, कंबर वेडीवाकडी हलवून एकमेकांना हसवत होते. मी आले तेव्हा सगळे वळून बघायला लागले. शेजारच्या टेबलावरची ती मुलगी बाहीला हात लावून म्हणाली, "अगं, हे तर खरंखुरं वाटतंय. दादरहून आणलंस?"

"हो," मी म्हटलं. "भाड्याने."

सगळ्यांनी मला पुढे ढकललं. गाणं लागलं आणि आई, तुझ्या स्टेप्स मला आठवण्याची गरजच पडली नाही. पाच, सहा, सात, आठ, उजवा हात वर, डावा कमरेवर, मान मागे. मी मनापासून नाचत होते. पण त्यांना वाटलं मी नक्कल करते आहे. आधी एक हसला, मग सगळे पोट धरून हसायला लागले. मी तिथेच थांबू शकले असते. थांबले नाही. मान जास्त झटकली, ओठांचा चंबू केला, कंबर त्यांना हवी तशी हलवली. ते हसतील तेवढं मी आणखी करत गेले. मला पहिलं बक्षीस मिळालं, एक भिंतीवरचं घड्याळ.

रविवारी मी कळव्याला मावशीकडे गेले. तुझ्या रांगेत तुझ्या शेजारी नाचायची ती, आता घरी साड्यांना फॉल-बिडिंग करते. गुडघे गेलेत तिचे. घड्याळ तिला देऊन टाकलं आणि विचारलं, "आईने ऑर्केस्ट्रा का सोडला गं?" मला वाटत होतं ती म्हणेल, मालकाशी भांडण झालं, तब्येत बिघडली, काहीही. दहा वर्षं मी तेच काहीतरी ऐकायला थांबले होते.

मावशीने सुई कापडात टोचून ठेवली. "तुझ्यामुळे. दुसरं काय कारण असणार? त्याच महिन्यात तिला पुढच्या रांगेत घेणार होते. मी तिला म्हटलं, लेकरू आहे, बोललं, दोन दिवसांत विसरेल. ती म्हणाली, ती विसरेल गं, मी नाही विसरणार."

"रडली का?"

"नाही. कपड्यांची घडी घातली आणि गेली."

मावशीने चहा केला, आम्ही प्यायलो. निघताना ती म्हणाली, "मनाला लावून घेऊ नको." पण दार लावताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

तर असं आहे. हे पत्र मी कुठे टाकणार, कोणाला दाखवणार. ऑफिसच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिलं आहे, तसंच राहील. माफी मागायची म्हणून बसले होते, पण वाचून बघते तर माफीचा शब्द कुठे आला नाही, आणि आता वर घुसडायचा म्हटलं तर तोही नाटकीच वाटेल. त्यापेक्षा एक लहानशी गोष्ट आहे, ती सांगते. स्टेजवर मी तुला एकदाही पाहिलं नाही. तू तीनदा बोलावलंस, शेवटच्या वेळी तर खुर्चीसुद्धा धरून ठेवली होतीस. तिन्ही वेळा मी सांगितलं की अभ्यास आहे. अभ्यास नव्हता, आई.