बारा डिसेंबरची पाळी

मी, आण्णासाहेब श्रीमंत देवकर, वय ७७, नौदलातून निवृत्त, राहणार सोनारी, तालुका परंडा, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीने लिहितो. कान अधू आहेत, ते पाणबुडीच्या इंजिनांनी घेतले. डोकं शाबूत आहे.

१. घर आणि बँकेतली ठेव पत्नी सत्यभामा हिची, तिच्या पश्चात मुलगा कुलदीप याची. मेव्हणा रणधीर याला काही नाही. "पाण्यात लपून कसलं युद्ध?" असं तो भर पंगतीत म्हणाला होता.

२. आमच्या पाणबुडीच्या इतिहासाची माझी वही मुलगी सोनाली हिने जपावी. पाणबुडी १९६९ साली नौदलात आली. पाण्याखाली ती बॅटरीवर चाले. वर येऊन डिझेल इंजिनं लावली की बॅटऱ्या भरत. ७१ च्या युद्धात तिने एकोणीस दिवस गस्त घातली, टॉर्पेडो एकही सोडला नाही. पुढे भंगारात गेली. वहीतलं एकच पान खोटं आहे, १२ डिसेंबर १९७१ चं.

३. ते पान असं दुरुस्त समजावं. त्या दिवशी रविवार होता. काळभैरवाचा उपास मी पाण्याखालीही सोडला नाही. उपाशीपोटी बॅटरीखोलीच्या उकाड्यात चक्कर येई, म्हणून माकणीचा शरणबसप्पा माझी रविवारची पाळी करी आणि त्याची सोमवारची मी. तक्त्यावर नावं मात्र बदलत नसू. त्या दिवशी बॅटऱ्यांचा वायू बाहेर काढणारा पंखा बंद पडला. एक ठिणगी पडती तर सत्तर माणसं संपली असती. शरणबसप्पा बॅटऱ्यांवरून सरपटत गेला आणि पंखा चालू करून आला. अधिकाऱ्यांनी तक्ता पाहिला आणि प्रशस्तिपत्र माझ्या नावे निघालं. मी बोलणार होतो, तर तो म्हणाला, "गप ऱ्हा आण्णा. पाळी बदलल्याली कळली तर दोघंबी आत जाऊ."

तेव्हा गप्प बसलो ते भीतीनं. नंतर पन्नास वर्षं गप्प बसलो ते हारतुऱ्यांच्या हावेनं. शरणबसप्पाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी मातीलाही गेलो नाही. लाज वाटली.

४. प्रशस्तिपत्र आणि त्याच्या जोरावर मिळालेली दोन एकर जमीन शरणबसप्पाची मुलगी प्रतीक्षा हिला द्यावी. कुलदीपने हरकत घेतल्यास सत्यभामेच्या पश्चात घरही तिलाच.

५. माझ्या मृत्यूनंतर कुलदीपने माकणीला जाऊन हे सगळं प्रतीक्षाला वाचून दाखवावं.

कलम पाच मी स्वतः रद्द करत आहे. इथवर लिहिलेलं सत्यभामेला वाचून दाखवलं.  ती म्हणाली, "पोराला कशाला पुढं करताव? पाप तुमचं, तोंडबी तुमचंच पायजे. जित्तेपणीच जाऊ की."

येत्या मंगळवारी आम्ही दोघं माकणीला जात आहोत. प्रतीक्षाने दारातून हाकलून दिलं, तरी जमीन तिचीच राहील.

ठिकाण: सोनारी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) आण्णासाहेब श्रीमंत देवकर

आण्णासाहेबांनी सगळं वाचून, आमच्या डोळ्यांदेखत सही केली. साक्षीदार:
(सही) आयुब शेख, शिलाईकाम, सोनारी
(सही) महांतप्पा स्वामी, निवृत्त शिक्षक, परंडा